पलीकडून आलेली ओ

हॉस्पिटल बंद ठेवून दुरुस्त करायचं, असं आधी ठरलं होतं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की बेलापूर-करावे पट्ट्यातल्या बाळंतिणींनी आणि हातपाय मोडलेल्यांनी तोवर जायचं कुठं? पनवेल लांब, ठाणं त्याहून लांब. शेवटी टप्प्याटप्प्यानं काम करायचं ठरलं. १९८४ साल होतं. बायकांच्या लांबलचक वॉर्डाच्या मधोमध प्लायवुडचं पार्टिशन उभं राहिलं. अलीकडे पेशंट, पलीकडे तोडफोड. काम गरजेचं होतं, यात वाद नाही. खाडीच्या खाऱ्या हवेनं सळया कुजल्या होत्या आणि छताचे पोपडे पेशंटच्या ताटात पडत होते. पण सगळ्या खाटा अर्ध्या जागेत कोंबायच्या म्हणजे काय, हे नकाशा काढणाऱ्यांना कोण सांगणार? ते आम्ही सिस्टर लोकांनी निस्तरायचं.

मी वैजयंती, त्या वॉर्डाची इन-चार्ज. माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्रास नको.

खाटांचे नंबर भिंतीवर रंगवलेले होते. खाटा हलल्या, नंबर राहिले तिथंच, त्यातले निम्मे पार्टिशनपलीकडे. पहिल्याच दिवशी एकीचं इंजेक्शन दुसरीला टोचलं जाता जाता राहिलं. तेव्हा मी हजेरी सुरू केली. सकाळचा चहा वाटला की मी दारात उभी राहून एकेकीचं नाव पुकारायची आणि तिनं ओ द्यायची. बायकांना मजा वाटायची. ज्या जन्मात शाळेत गेल्या नव्हत्या, त्या तर जास्तच जोरात ओ द्यायच्या.

त्यांच्यात माझी आईही होती. भिमाबाई. क्वार्टरच्या मोरीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि पायाला वजनं लटकवून तिला निजवलं होतं. वडील गेल्यावर महाडकडचं गाव सोडून ती माझ्याकडे आली, तेव्हापासून आम्हाला एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. तिला धड चालत घरी न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

एका सकाळी मी बयाबाईंचं नाव घेतलं. करावे गावच्या, मासळी विकणाऱ्या, सदा मिश्री लावणाऱ्या, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. ओ आली, पण प्लायवुडच्या पलीकडून. बयाबाईंच्या तोंडाला चहाचा कप होता.

सगळ्या हसल्या. मी मात्र तडक पलीकडे गेले आणि तुळशीराम सुपरवायझरला फैलावर घेतलं, की तुमची माणसं पेशंटची चेष्टा करतात. त्यानं मला फाटकाकडे बघायला लावलं. त्याची सगळी माणसं तिथं चहा पीत उभी होती. आमच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि रिकाम्या खोलीत आवाज घुमतो म्हणाले. मी मान डोलावली. पण आवाज घुमला तर माझा घुमायला हवा होता. ओ बयाबाईंच्या आवाजात होती.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. बयाबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"मी कायच बोलले नाय, सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, अंगारेधुपारे आमच्यात नाहीत. त्यामुळे मी सरळ तपासायचं ठरवलं. वॉर्डाच्या आया गिरजाबाई मावशींना दारात उभं करून हजेरी घ्यायला लावली आणि मी पलीकडे जाऊन थांबले. उखडलेली फरशी, विटांचा ढीग, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया. ओल्या सिमेंटचा वास. भिंतीवर आमचे जुने नंबर. माणूस एकही नाही. अलीकडून मावशींनी बयाबाईंचं नाव घेतलं.

ओ माझ्या कानाशी आली. तिला मिश्रीचा वास होता.

मी बाहेर येऊन चूळ भरली.

बयाबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा किसन आला. आई खाते, पिते, पाटी घेऊन बाजारात जाते, सगळं ठीक, म्हणाला. मग टोपी हातात फिरवत त्यानं खरं कारण सांगितलं.

"हाक मारली त वलून बगत नाय. हात लावला मंगच बोलते. कान बरे हायेत तिचे. पन आपला नाव दुसऱ्या कोनाचा असावा, अशी बसलेली असते."

डॉक्टरांनी बयाबाईंना बोलावून कान तपासले. खरंच चांगले होते. त्यानंतर काशी नावाच्या बाळंतिणीची ओ पलीकडून आली. घरी गेल्यावर तिचंही तेच झालं. नवरा सांगत होता, की बाळाच्या रडण्यावर उठते, माझ्या हाकेवर उठत नाही.

त्याच दिवशी मी हजेरी बंद केली आणि प्रत्येक खाटेला पुठ्ठ्याचा नंबर बांधला. आईला हाक मारणं तर पुरतंच सोडलं. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, मगच बोलायचं. घरातसुद्धा, एकटी असताना, 'आई' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. हातोड्यांचा आवाज दिवसभर डोक्यात घण घालायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तो थांबला की त्याहून वाईट वाटायचं. मी ताटावर बसून प्लायवुडकडे बघत राहायची.

आईच्या ते लक्षात आलं.

"वैजू, माझा राग आलाय का तुला? आई म्हनून हाक मारत नाहीस हल्ली."

मी तिचे केस विंचरत होते. नाही, एवढंच म्हणाले आणि पुढचा शब्द गिळला. तिला मिठी मारून खूप रडावंसं वाटत होतं.

अखेर वजनं निघाली. घरी न्यायचा दिवस आला. दुपार होती, फाटकाशी रिक्षा उभी होती. आई काठीवर भार देऊन एकेक पाऊल टाकत होती, मी तिचा दंड धरून होते. पार्टिशनच्या कडेला मिस्त्र्यांनी जुन्या चौकटी काढून टाकल्या होत्या. आईचा पाय त्यात अडकू नये म्हणून मी तिला खाटांच्या बाजूला घेतलं आणि स्वतः चौकटींकडून चालले.

माझ्या पायाखाली खिळा आला. कॅनव्हासच्या बुटातून थेट तळव्यात.

"आई गं!"

कोणीही म्हणतं. लागलं की म्हणतंच.

वॉर्डातल्या बायकांनी प्लायवुडकडे माना वळवल्या.

"ओ," प्लायवुडच्या पलीकडून आवाज आला. "काय झालं वैजू? लागलं का?"

आई माझ्यासमोर उभी होती. ओठ मिटलेले. ती माझ्या पायाकडे बघत होती, रक्त आलेलं तिला दिसत होतं. मग तिनं नजर फाटकाकडे वळवली आणि काठी पुढे टाकली.

त्याला आता वर्ष होत आलं. आई छान चालते. भाकऱ्या थापते, रविवारी विहारात जाते, शेजारणींशी बोलते. हात लावला तर माझ्याशीही बोलते. स्वयंपाकघराच्या दारातून मी कितीदा हाक मारून पाहिली. पीठ मळणारे हात थांबत नाहीत.

पार्टिशनच्या जागी पक्की भिंत आली आहे. पांढऱ्या टाइल्स, दोन्हीकडे नवे वॉर्ड, वर ट्यूबलाइट. जेवणाच्या सुट्टीत मी स्टूल घेऊन त्या भिंतीशी बसते आणि हळूच आई म्हणते. ती ओ देते. मी काय जेवले ते ती विचारते, खिळा लागलेला पाय दुखतो का विचारते. मी सगळं सांगते.

काल तिनं आधी जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "वैजू, तुझ्याजवळ घरात कोन आहे गं?"