वेरेखोव्स्कचं तबक

मॉस्को, मे १८८३. नव्या राजाला राज्याभिषेकाच्या भेटी द्यायला दोन तास उरले होते आणि ज्यावर रिवाजाप्रमाणे पाव आणि मीठ ठेवून राजापुढे धरायचं, ते वेरेखोव्स्क गावाचं सोनेरी मुलाम्याचं चांदीचं तबक गायब होतं.

पोलीस निरीक्षक इग्नाती ल्वोविच गावकरी उतरले होते त्या धर्मशाळेत पोहोचले तेव्हा म्हातारा पहारेकरी निकिफोर बेड्यांत होता.

"हात बघा त्याचे!" व्यापाऱ्यांचे पुढारी पोर्फिरी साव्विच ओरडले. "चोराचेच हात असे कापतात. सैबेरियात गेला की थांबतील."

निरीक्षक पोर्फिरी साव्विचकडे वळले.

"तबक शेवटचं कधी पाहिलंत?"

"पहाटे. तेव्हापासून फाटकाला कुलूप आहे. आत आम्ही तिघंच. मी, हा आणि पाव भाजणारी उलिता."

राजासाठी भाजलेला पाव कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीखाली, धुतलेल्या टॉवेलवर नीट ठेवला होता. शेजारी काठोकाठ भरलेली मीठदाणी. टॉवेलवर मिठाचा कणही नव्हता.

"झडती?"

"गाद्या उसवल्या, राख चाळली, फळ्या उचकटल्या," शिपाई म्हणाला.

सगळे स्वयंपाकघरात गेले. उलिता भट्टीजवळ बसली होती. बाजूला फडक्याने झाकलेली मोठी काठवट.

"गाडी कधीची, उलिताबाई?"

"आज दुपारची."

"यजमान?"

"हिवाळ्यात गेले. मुलाम्याच्या कारखान्यात होते. निकिफोरही तेव्हा तिथेच कामाला, त्याच्या शेजारी बसायचे."

निरीक्षकांनी काठवटीकडे बोट दाखवलं. शिपाई चुळबुळला. "साहेब, आंबत्या पिठात परक्याने हात घालू नये. घराची बरकत जाते."

"तुझी आई म्हणायची?"

"सगळ्यांच्याच आया म्हणतात, साहेब."

"म्हणूनच इथे कुणी पाहिलं नाही." निरीक्षकांनी बाही सरकवली आणि कोपरापर्यंत हात घातला. तबक तळाशी होतं.

"साध्या चोराने तबकावरचा पाव भिरकावला असता," ते म्हणाले. "हा कुणीतरी देवाखाली मांडलाय. निकिफोरने नाही. त्याचे हात भीतीने कापत नाहीत. मुलामा देताना पारा जाळतात, त्याची वाफ अंगात भिनते. भरलेली मीठदाणी त्याला न सांडता उचलताच येणार नाही. पोर्फिरी साव्विचना या तबकावर पदक मिळायचं होतं, ते कशाला लपवतील? आणि राजाचा पाव भाजून झालाय, दुपारी तुम्ही निघणार. मग हे पीठ कुणासाठी आंबवलंत, बाई?"

उलिताने भट्टीचं दार लावलं.

"हे तबक करतानाच गेले ते. आधी दात पडले. या व्यापाऱ्यांनी एकदा तरी राजापुढे रिकाम्या हातांनी उभं राहावं, एवढंच हवं होतं."

"आणि निकिफोर? त्याला सैबेरियात जाऊ दिलं असतंत?"

"बेड्या घातल्या तेव्हा वाटलं, आता बोलावंसं वाटेल." ती थांबली. "नाही वाटलं. काहीच वाटलं नाही."

शिपायाने निकिफोरच्या बेड्या काढल्या. तो तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

पोर्फिरी साव्विच नखांनी नक्षीतलं पीठ खरवडत होते. "वाळायला लागलं! उलिता, कोमट पाणी आण, लवकर!"

ती उठली. पाणी ओतलं, बोट बुडवून पाहिलं आणि भांडं त्यांच्यासमोर ठेवलं. मग शिपायापुढे जाऊन, बेड्यांसाठी हात पुढे करून उभी राहिली.