साखर घातलेला डबा

शुभा पाव किलो साखर आणायला खाली उतरली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. पाय अजून लटपटत होते, पण तीन दिवस तापात काढल्यावर नुसतं उन्हात उभं राहणंसुद्धा तिला सुखाचं वाटत होतं. ‘कृपया मला पाव किलो साखर द्यावी,’ असं ती म्हणाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने मान वर करून तिला नीट पाहून घेतलं. असं मराठी त्याने चारकोपमध्ये जन्मात ऐकलं नसावं.

शुभा मॉरिशसची, तिथल्या कास्कावेल गावची. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले आणि तिकडचेच झाले. घरात सगळे तिथली क्रिओल भाषा बोलत. मराठी शिकायचं ते रविवारच्या वर्गात. शिक्षण संपलं तशी तिने पाठीवर पिशवी अडकवली आणि पूर्वजांचं गाव शोधायला निघाली. पहिला मुक्काम मुंबई.

अंधेरीला विमानतळाबाहेर पडली आणि ती बघतच राहिली. दुकानांवर, बसच्या कपाळावर, भिंतींवर, जिकडे पाहावं तिकडे देवनागरी. जी अक्षरं तिने वर्गात जीव मुठीत धरून गिरवली होती, त्या अक्षरांत इथे लोक चक्क पंक्चर काढून देत होते. मेट्रोत बसून ती एकेक पाटी मोठ्याने वाचू लागली, तेव्हा शेजारच्या बाईने ‘बरी आहेस ना गं?’ असं विचारलं होतं. शुभाला ते शहर तिथल्या तिथे आवडलं. त्याच शहरात आपण एकटीच मरू की काय, असं संध्याकाळपर्यंत वाटायला लागेल, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

तिने घेतलेली खोली चारकोपच्या एका सेक्टरमध्ये होती. खाली श्वेता आणि तिचा नवरा नितेश राहायचे. वर समोरासमोर दोन दारं, त्यातलं एक त्यांचं. ते पाहुण्यांना भाड्याने देत. दोघे गावी लग्नाला निघालेच होते. किल्ली तिच्या हातात ठेवून, काही लागलं तर फोन कर म्हणून ते गेले. शुभाच्या फोनमध्ये इथलं कार्ड अजून घातलेलंच नव्हतं. आईने बजावल्याप्रमाणे तिने आतून कडी लावली, आणि दिवेलागणीला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली हाताच्या अंतरावर होती, पण हात उचलत नव्हता. हाक मारावी तर घशातून आवाज निघेना. दुपारी चारला पलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली यंत्रं चहासाठी थांबली आणि गल्ली एकदम गप्प झाली. त्या शांततेत समोरच्या दाराची बिजागरी कुरकुरली. मग शिजलेल्या तांदळाचा वास आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, वर्षानुवर्षं बंद ठेवलेल्या कपाटातल्या साड्यांचा.

एक बारकीशी बाई तिच्या उशाशी बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा.

“उठ गो चेडवा. पेज हाडलंय. तुझी आवस हय नाय तर काय झाला… मी आसंय मा.”

शुभाला शब्द अर्धेच कळले. आई इथे नाही, पण मी आहे ना, एवढं मात्र नीट कळलं, आणि तिला रडू फुटलं. बाईने चमच्या-चमच्याने तिला पेज भरवली. कपाळावर ठेवलेला हात थंडगार होता. तापलेल्या डोक्याला तो इतका बरा वाटला की तो कधी उचलूच नये असं तिला झालं.

बाई तीन दिवस आली, रोज चारच्या ठोक्याला. डब्याच्या झाकणावर कोरलेलं होतं: ‘चि. दर्शना हीस, आईकडून’. अक्षरं वापरून वापरून झिजली होती. दर्शना कोण, असं शुभाने विचारलं तर बाई म्हणाली, माझी मुलगी, आणि पदराने झाकण पुसत बसली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. उरलेली पेज संपव, डबा मग दे, असं सांगून ती गेली.

आणि म्हणून ही साखर. शुभाच्या घरातून कोकण सुटलं, भाषा सुटली, पण एक रीत सुटली नव्हती. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आईने हे तिला अगदी लहानपणी शिकवलं होतं. तिने डबा घासला, पुसला, काठोकाठ साखर भरली आणि समोरच्या दारापाशी गेली. दाराला कुलूप होतं. काकू बाजारात गेल्या असतील असं समजून तिने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि दाराला मनापासून नमस्कार केला.

पाचच्या सुमारास श्वेता गावाहून आली. शुभाचं उतरलेलं तोंड बघून ती हळहळली, स्वतःलाच बोल लावू लागली. इतक्या तापात तुला खायला कोणी दिलं, तिने विचारलं.

“समोरच्या काकूंनी.”

श्वेता पलंगावर बसली.

“समोर कोणी राहत नाही गं. प्रेमाकाकू जाऊन दोन वर्षं झाली.”

मग तिने खालच्या आवाजात सांगितलं. प्रेमाकाकूंची दर्शना शिकायला परगावी हॉस्टेलवर राहत होती. तिथे तापाने फणफणली, तिला घोटभर पाणी द्यायला कोणी नव्हतं, आणि ती गेली. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कोणीही आजारी पडलं की काकू पेज घेऊन हजर. शेवटी शेवटी तर त्या कोणाच्याही मुलीला दर्शना म्हणून हाक मारायच्या.

“तू कडी लावली होतीस ना आतून?”

शुभाने होकारार्थी मान हलवली. साखर आणायला जाताना ती कडी तिने स्वतःच्या हाताने काढली होती.

“आणि डबा? रिकामा दिलास ना?”

“नाही. साखर घालून…”

“वाट लागली,” श्वेता हळूच म्हणाली. “गेलेल्या माणसाचा डबा भरून देत नाहीत गं. रिकामा द्यायचा, पालथा. म्हणजे तिथे संपतं. भरून दिलास, म्हणजे आता परत द्यायची पाळी तिची. आणि तिला मुलगी हवी होती, शुभा. कोणाचीही.”

समुद्रापलीकडे अर्धीच रीत पोचली होती.

दोघी बाहेर आल्या. डबा अजून उंबऱ्यावर असता तर तो रिकामा करून पालथा घालता आला असता. उंबरा मोकळा होता. कुलूप जिथल्या तिथे, त्यावरची धूळही तशीच. फक्त मुंग्यांची एक रांग दाराखालच्या फटीतून आत चालली होती.

श्वेता तिला खाली ओढू लागली. पण शुभाचा पाय निघेना. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी या बाईला वाईट म्हणायला तिचं मन तयार नव्हतं. ती दारापाशी वाकली.

“काकू… तुम्ही नसतात तर मी वाचले नसते. पण माझी आई आहे. तिकडे वाट बघतेय.”

आतून डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवल्याचा आवाज आला.

ती संध्याकाळ आणि रात्र शुभा खाली श्वेताजवळ राहिली. सकाळी नितेशने तिला बोरिवलीला कोकणच्या बसमध्ये बसवून दिलं. लख्ख ऊन होतं, शेजारी एक बाई मुलाला केळं भरवत होती, कंडक्टर सुट्ट्यांवरून कुरकुरत होता. शुभाला हायसं वाटलं. पाणी प्यावं म्हणून तिने पिशवीची चेन उघडली, आणि तिच्या बोटांना स्टील लागलं. गरम.

तिने डबा मांडीवर घेतला. झाकणावरची अक्षरं तशीच होती, वापरून वापरून झिजलेली, वर्षानुवर्षं हात फिरल्यासारखी गुळगुळीत. ‘चि. शुभा हीस, आईकडून’.

बस सुटली. रिकामा करायचा तर आतलं संपवायला हवं, असं तिने स्वतःला समजावलं. झाकण उघडल्यावर वाफ तोंडावर आली. आणि खरं सांगायचं तर, तिला फार भूक लागली होती.