कॅमेरा दाराच्या आत

पटकथेच्या वर्गात कात्रीसरांचा एकच कायदा होता. जे दिसतं आणि जे ऐकू येतं, तेवढंच कागदावर यायला हवं. 'तिला वाईट वाटतं' असं कुणी लिहिलं, की सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हे वाईट वाटणं कॅमेऱ्याला कुठे दिसतंय, दाखवा बरं." एम.ए.च्या शेवटच्या सत्राला प्रत्येकाने एक कविता निवडून तिची दहा पानांची पटकथा करायची होती. बाकीच्यांनी आटोपशीर कविता उचलल्या. मिरचीने आपल्या ताईची कविता घेतली.

मिरची हे नाव वर्गाने ठेवलेलं आणि ते तिला शोभायचं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे, आणि तो तिथे कुणी आणून बसवला हेही तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी. अकरा वर्षांपूर्वी, मिरची शाळेत असताना, ताई बाबांशी भांडून घराबाहेर पडली. आठ महिन्यांनी एका दुपारी परत आली आणि तिने दार वाजवलं. आधी दोनदा, मग जरा थांबून एकदा, तिच्या नेहमीच्या सवयीने. बाबांनी दार उघडलं नाही. पंधरा दिवसांनी टपालाने सोळा ओळींची कविता आली, आणि महिन्याभराने ती गेल्याची बातमी. बाबांनी कविता एकदा वाचली, घडी केली आणि जेवायला बसले. ते जेवायला बसणं मिरचीने आजवर माफ केलं नव्हतं.

कविता दाराबाहेरून लिहिलेली होती, म्हणून मिरचीने कॅमेराही बाहेरच ठेवला. जिना, पायपुसणं, बंद दार, दाराखालची दोन बोटांची फट. पहिलं वाचन सकाळी दहाला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झालं. सगळे लांबड्या टेबलाभोवती बसले होते, खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. दृश्यांचं वर्णन वाचायचं काम घोगऱ्याकडे असे, कारण त्याच्या आवाजात कसलाच नाटकीपणा नव्हता.

"ती दार वाजवते," घोगऱ्याने वाचलं.

टक टक. मग जरा थांबून, टक.

दाराजवळ बसलेल्या मुलीने उठून दार उघडलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. पार टोकाला भिंतीला टेकवलेला फरशी पुसायचा ओला पोछा तेवढा होता. "घ्या, साउंड इफेक्ट फुकटात!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खदाखदा हसले. मिरची हसली नाही. दार किती वेळा आणि कसं वाजतं, हे तिने कागदावर लिहिलेलंच नव्हतं.

वाचन संपल्यावर सरांनी विचारलं, "कवितेची शेवटची ओळ काय आहे?"

"'आत दोन श्वास होते.'"

"आणि तुमच्या पटकथेत आत कोण आहे?"

"वडील."

"म्हणजे एक श्वास. दुसरा का कापलात?"

"श्वास कॅमेऱ्याला दिसत नाही सर. तुमचाच कायदा."

"ऐकू येतो ना? कॅमेरा दाराच्या आत ठेवा. आत कोण कोण उभं आहे, ते लिहून आणा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या घरात कॅमेरा ठेवणारा हा कोण टिकोजीराव? घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात त्यांना वाट्टेल ते बोलत होती. बाबा खिडकीशी खुर्चीत बसून शर्टाला बटण लावत होते. चप्पल काढायच्या आधीच तिने तोंड उघडलं.

"त्या दुपारी तुम्ही मला उघडू दिलं नाही. खांदा धरून ठेवला होतात माझा."

बाबांनी सुई थांबवली. "उघडायचं नाही, असं म्हणालो होतो. ते माझं पाप आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी इथे होतो. खुर्चीत. दारापाशी तू होतीस."

"खोटं!"

"बरं," बाबा म्हणाले आणि पुन्हा बटण लावू लागले. ते 'बरं' तिला एखाद्या थोबाडीतसारखं लागलं.

त्या संतापातच तिने दुसरा मसुदा लिहिला. कॅमेरा आत. बाप दाराला पाठ लावून उभा, आणि दुसरा श्वास तिने एका म्हाताऱ्या कुत्र्याला देऊन टाकला. त्यांच्या घरात कुत्रा कधीच नव्हता. शेवटी तो मरतो असं दाखवावं का, यावरही तिने अर्धा तास घालवला.

दुसरं वाचन पुढच्या सोमवारी, त्याच खोलीत. घोगऱ्या तिसऱ्या पानावर आला. "कोपऱ्यात कुत्रा झोपलेला आहे. त्याचा श्वास ऐकू—"

टक टक. टक.

या वेळी कुणी हसलं नाही. दार वाजवायचा प्रसंग अजून दोन पानं पुढे होता.

"कुत्रा खोटा आहे," सर हलकेच म्हणाले. ते दाराकडे बघत होते. "उघडा कुणीतरी."

कुणी उठलं नाही. गेल्या वेळी उठलेली मुलगी आपल्या वहीत डोकं घालून बसली होती.

टक टक. टक.

"कोण चेष्टा करतंय ते बघतेच मी," म्हणत मिरची उठली. खुर्ची मागे कलंडली. तिने तरातरा जाऊन दार उघडलं आणि दोन पावलं व्हरांड्यात गेली. दोन्ही बाजूंना लख्ख ऊन होतं. माणूस नव्हता.

मागे दार लागलं.

हॉर्न थांबले. वर्गातली कुजबुजही थांबली. तिने दाराची मूठ फिरवून पाहिली, दार ढकलून पाहिलं. दार आतून लावलेलं होतं. या दाराला आतून कडीच नव्हती.

"सर?"

तिने दार वाजवलं. दोनदा. मग, का कोण जाणे, जरा थांबून एकदा.

आतून दबका पुरुषी आवाज आला. "उघडायचं नाही."

आवाज लांबून आला होता. खोलीच्या त्या टोकाकडून, खिडकीपाशी असल्यासारखा.

आणि अगदी जवळ, लाकडाला लागूनच, कुणीतरी धाप दाबत श्वास घेत होतं.

"उघड!" मिरची ओरडली. दोन्ही मुठींनी दार बडवत ओरडली. "त्यांचं काय ऐकतेस? ते लांब आहेत! तुझा हात पोचतो कडीला, मला माहीत आहे, पोचतो! उघड ना गं!"

श्वास थांबला. पुन्हा सुरू झाला.

ती गुडघ्यांवर बसली, गाल फरशीला टेकवला आणि दाराखालच्या फटीतून आत बघितलं.

दूर, खुर्चीच्या पायांपाशी, बाबांच्या तपकिरी चपला होत्या.

दाराशी दोन लहान अनवाणी पावलं होती. उजव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली, तिच्यावर औषधाचा पिवळा डाग. त्या आठवड्यात जिन्यावर ठेचकाळून तिचं नख निघालं होतं. हे तिने कुठल्याच मसुद्यात लिहिलं नव्हतं.

ती बघत राहिली.

पावलांच्या टाचा हळूच वर उचलल्या गेल्या. वरच्या कडीपर्यंत हात पोचावा, एवढ्या. बराच वेळ तशाच राहिल्या.

मग, अजिबात आवाज न करता, खाली टेकल्या.