डावा बूट का थकला?

एक कोडं घालते. एकाच जोडीचे दोन बूट. एकाच दिवशी घेतलेले, एकाच मुलीच्या पायांत, सारखंच अंतर धावलेले. तरी दुखायला लागला तो फक्त डावा पाय. असं का?

ती मुलगी म्हणजे माझी नात शाल्मली, आणि गोष्ट सन २०५८ मधली.

आमच्या गावात घटस्थापनेला गडावरून वडजाईची ज्योत धावत आणतात. शेवटचा टप्पा ज्याच्याकडे असतो, त्याने ज्योत घेऊन देवीच्या टेकडीला प्रदक्षिणा घालायची आणि देवळात शिरायचं. माझ्या लहानपणी हा मान फक्त मुलांचा असे. तो मिळालेली गावातली पहिली मुलगी मी. अजूनही डोळे मिटले की तेलाचा वास येतो आणि हाताला धग लागते. त्या वर्षी तो मान शाल्मलीला मिळाला होता आणि नेमकी तिची नडगी (गुडघ्याखालचं पुढचं हाड) ठणकू लागली. डॉक्टरांनी तपासलं. हाड शाबूत होतं. पण काही आठवडे धावायचं नाही, आणि दुखण्याचं कारण सापडल्याशिवाय ज्योतही नाही, असं त्यांनी बजावलं.

शाळेच्या मैदानावर पारख्या नावाचा यंत्रमानव आहे. मुलांची चाल तपासणं हे त्याचं काम. शाल्मलीने त्याच्यापुढे बूट ठेवले. दर रविवारी घासूनपुसून ते तिने नव्यासारखे राखले होते.

"बूट चकचकीत आहेत," पारख्या म्हणाला. "पण मेलेले आहेत."

शाल्मलीला राग आला. त्याने शांतपणे बूट टेबलावर ठेवून तिला मागून पाहायला सांगितलं. उजवा बराचसा ताठ उभा होता. डावा बाहेरच्या बाजूला कलला होता, भिंत खचलेल्या घरासारखा.

शाल्मली घरी आल्यावर तिला समजवायला मी दोन पाव घेतले. एक ताजा, दुसरा नारळांच्या पिशवीखाली दबलेला. दोन्हींची वरची साल सारखीच तुकतुकीत. ताजा दाबून सोडला तर पुन्हा फुगला. दुसरा बसला तो बसलाच.

बुटाच्या तळाशी असतं रबर. त्याच्या वर असतो मधतळ (स्पंजासारखा मऊ थर). मी आयुष्यभर प्रयोगशाळेत याच थरावर काम केलं. त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात. पाऊल आपटलं की ते दबतात आणि धक्का हळूहळू जिरवतात. याला म्हणायचं आघातशोषण (धक्का पिऊन टाकणं). पण हजारो वेळा दबून बुडबुड्यांच्या भिंती मोडतात. मग धक्का जिरत नाही, सरळ नडगीवर जातो. त्यात बूट कललेला असेल, तर पाय सरळ ठेवायला स्नायूंना सारखं ओढून धरावं लागतं. ते दमतात आणि दुखतात. वरून कितीही धुवा, आतले बुडबुडे परत येत नाहीत.

"पण आज्जी, डावाच का?"

ते मलाही सांगता येईना. पारख्यालाही नाही. मग आम्ही तिघं तिच्या सरावाच्या वाटेवर गेलो. ही वाट देवीच्या टेकडीला वळसा घालते. चालता चालता पारख्या सारखा डावीकडे घसरू लागला. मी त्याला म्हटलं, "तुला चढलीय की काय?" शाल्मली मात्र हसली नाही. तिने पिशवीतलं लिंबू वाटेवर ठेवलं. लिंबू गडगडत डावीकडे गेलं.

"आज्जी, वाटच कललीय! टेकडी नेहमी माझ्या उजव्या हाताला. म्हणजे डावा पाय रोज खालच्या बाजूला."

"मग उलट दिशेनेही का धावत नाहीस?" पारख्याने विचारलं.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. देवीला उलटी प्रदक्षिणा? गावात हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. रोजच्या सरावाची आम्ही नकळत प्रदक्षिणाच करून टाकली होती.

तोडगाही शाल्मलीनेच काढला. "देवीसाठी एक फेरी. सराव मैदानावर, सपाट जमिनीवर, दोन्ही दिशांनी."

नवे बूट आले. आधी विश्रांती, मग चालणं, मग थोडं थोडं धावणं. दुखलं की थांबायचं, हा नियम तिने पारख्याहून कडक पाळला. शेवटी डॉक्टरांनी नडगी दाबून पाहिली आणि मान डोलावली.

घटस्थापनेच्या सकाळी हलगी कडाडली आणि टेकडीच्या वळणावर ज्योत दिसली. दोन्ही पावलं एकसारखी पडत होती. शाल्मली पायरीशी आली. एका हाताने ज्योत उंच धरून तिने बूट काढले, कट्ट्यावर ठेवले आणि खाली वाकून मागून पाहिलं. लोकांना वाटलं, पोर दमली.

दोन्ही बूट ताठ उभे होते. माझ्याकडे बघून ती हसली आणि अनवाणी आत गेली.

तिच्यामागे धावत आलेल्या पोरांनी हे पाहिलं होतं. त्यांनीही बूट काढून कट्ट्यावर ओळीने मांडले आणि देवळाकडे पाठ करून, वाकून वाकून, ती सगळी आपापल्या बुटांच्या टाचा पाहू लागली. वडजाईने त्यांना माफ केलं असणार.