भोपळी रंगाचं दार

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या डोंगरात बर्फ वितळतं आणि मार्लबरीचे कच्चे रस्ते विरघळून जातात. गावातली माणसं त्या दिवसांत खालच्या वाटेनं जातात. वरच्या वाटेनं जातो तो एक तर वेडा, नाही तर नवखा.

ग्रेडी सोरेन्सन दोन्ही आहे, असं टॅबिथाचं पहिल्या दिवशी मत झालं.

त्याची निळी गाडी दारापर्यंत चिखलात रुतली होती आणि हा गडी टपावर बसून सफरचंद खात होता. टॅबिथा कोल्बी आपली बैलजोडी घेऊन दगड वाहायला निघाली होती. ती थांबली. बैलही थांबले.

"गावच्या रस्तेवाल्यांना फोन नाही केलात?"

"नाही. त्यांचा ट्रॅक्टर लोकांकडून जबरदस्तीनं घेतलेल्या पैशावर चालतो."

"म्हणजे कर म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तेच म्हणालो."

टॅबिथानं ओठ आवळले. हसू आलेलं तिला दाखवायचं नव्हतं. "बरं. मग हे बैल चालतील? घरचे आहेत. राजीखुशीनं ओढतात."

त्यानं बैलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे… जरा जास्तच वेळ. "त्यांना विचारलंत?"

आता मात्र ती हसली.

साखळी अडकवली, बैलांनी माना खाली घातल्या, चिखलानं एक लांब सुस्कारा सोडला आणि गाडी बाहेर आली. तिच्या गालावर चिखलाचा शिंतोडा उडाला होता. त्यानं रुमाल पुढे केला, मग दोघांच्याही लक्षात आलं की रुमाल गालाहून मळका आहे.

उताराला दोघं बैलांच्या शेजारून चालत होते. चिखलातून सुटलेली गाडी तो मागंच ठेवून आला होता. मॅपलच्या झाडांना लावलेल्या बादल्यांत रस टपटपत होता.

"मी स्वातंत्र्यासाठी आलोय इथं," तो म्हणाला. "ऐकलं होतं, इथली माणसं कुणाच्या अध्यात नसतात. मध्यात नसतात. पण हेही ऐकलं, की तुमच्या ग्रामसभेत अजून डुक्करपाल निवडतात?"

"निवडतात ना. दर मार्चला. त्या वर्षी ज्याचं लग्न झालं असेल त्याला. मोकाट डुकरं पकडून कोंडायची, हे त्याचं काम."

"गावात डुकरं किती?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काय? रीत आहे."

तो इतका मोठ्यानं हसला की डावा बैल बिचकला. टॅबिथाला राग यायला हवा होता. का कोण जाणे, आला नाही.

*

त्यानं चौकातलं जुनं लोहाराचं घर घेतलं आणि लोकांची इंजिनं दुरुस्त करू लागला. उन्हाळ्यात टॅबिथाच्या शेताची दगडी कुंपणभिंत ढासळली, तेव्हा तो न बोलावता आला. ती भिंतीच्या अलीकडून दगड रचायची, तो पलीकडून. हातांबरोबर तोंडंही चालायची.

"ही भिंत तोडून तारेचं कुंपण का नाही घालत?"

"माझ्या खापरपणजोबांनी रचलीय. मी एकटी कोण ठरवणारी? आधी होऊन गेले त्यांचं मत घ्यावं लागतं, अजून जन्मायचे आहेत त्यांचंही."

"मेलेल्यांना मतदान करू देणं बेकायदा आहे, परंपराबाई."

"जास्त बोलू नकोस, मोकाट वासरा. दगड उचल."

"बरं, सांग. हे तुझे खापरपणजोबा इथं आले कशाला? राजाचं ऐकायचं नव्हतं म्हणून. चर्चच्या बड्या धेंडांचं ऐकायचं नव्हतं म्हणून. आधी माझ्यासारखा एक मोकाट पळाला, तेव्हा कुठं तुझ्यासारखीची परंपरा सुरू झाली."

"आणि पळून आल्यावर त्यानं पहिलं काय केलं? भिंत रचली, घंटा टांगली, शेजाऱ्याच्या बारशाला गेला. नुसतं मोकळं राहून हिवाळा निघत नाही रे इथला."

त्यानं उत्तराऐवजी एक मोठा दगड भिंतीवर चढवला. त्या गडबडीत तिचं बोट दगडाखाली सापडलं. त्यानं दगड उचलला, तिचं बोट हातात घेतलं आणि लहान मुलाच्या बोटावर घालावी तशी त्यावर फुंकर घातली. भिंत त्या दिवशी पुढे सरकली नाही, एवढं खरं.

ऑक्टोबरात त्यानं घराचं दार रंगवलं. चौकातली सगळी दारं पांढरी, काळी, फार तर गडद हिरवी. याचं भोपळी! पिकलेल्या, उन्हात ठेवलेल्या भोपळ्यासारखं. टपालकचेरीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. टॅबिथानं त्याला तोंडावर सांगितलं, की हे अगदी गावंढळ दिसतं. पण नोव्हेंबरच्या राखाडी संध्याकाळी ते दार लांबूनच दिसायचं, कुणीतरी उघड्यावर दिवा ठेवल्यासारखं. तिला घरी जायला दुसरी जवळची वाट होती. ती चौकातूनच जायची.

*

जानेवारीत तळं गोठलं. दोघं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले होते. मासा एकही लागला नव्हता आणि त्याचं कुणाला काही नव्हतं. ग्रेडी बर्फाकडे बघत म्हणाला, "टॅबिथा… माझ्याबरोबर राहशील? म्हणजे… कायमची."

तिच्या छातीत काहीतरी उमललं. "चर्चमध्ये? मर्सीबाईंच्या वहीत नोंद करून?"

मर्सीबाई म्हणजे गावच्या कारकून. जन्म, मरण, लग्न, सगळं त्यांच्या हातानं लिहिलं जातं.

"वही कशाला?" तो म्हणाला. "मनातल्या गोष्टीला सरकारी परवाना?"

"परवाना नाही रे. साक्ष."

"तुझ्याशी बांधून घ्यायला मला कुणाची साक्ष नको."

"मला हवी. माझ्या आईचं नाव आहे त्यात, तिच्या आईचंही."

"म्हणजे तुला मी हवाय… की नोंद?"

बोलून गेल्यावर त्यालाही ते लागलं असावं. पण ती तोवर उठली होती.

त्या आठवड्यात टॅबिथानं रागाच्या भरात एक ठराव लिहिला: चौकातल्या प्रत्येक घराचं दार पांढरं, काळं किंवा हिरवंच असावं, नाही तर दंड. सह्या मिळायला वेळ लागला नाही. कागद मर्सीबाईंकडे गेला. राग उतरला तेव्हा तिला कळलं, आपण काय करून बसलो. ती धावत कचेरीत गेली.

"मर्सीबाई, तो कागद परत द्या ना."

"बाळ, सह्या झाल्या, सभेची सूचना भिंतीवर लागली. आता तो तुझा नाही, गावाचा. मागं घेता येत नाही. सभेत काय व्हायचं ते होईल."

सूचना ग्रेडीनंही वाचली. तो तिच्या अंगणापाशी आला, कुंपणाच्या आत मात्र आला नाही. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं तिला.

"ठराव पास झाला तर मी दार रंगवणार नाही," तो म्हणाला. "दंडही भरणार नाही. मी जाईन."

*

मार्चमधल्या मंगळवारी सभा भरली. बायकांनी विणकाम आणलं होतं. तळघरात राजम्याच्या हंड्या शिजत होत्या, त्यांचा गोडसर वास वर येत होता. सभापतीच्या खुर्चीवर टॅबिथाचे काका, ऑल्डनकाका, हातोडी घेऊन बसले होते. ग्रेडी नेहमीसारखा मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. वर्षभरातल्या प्रत्येक सभेत त्याचा 'नाही' सगळ्यांत आधी उमटायचा. आजही बर्फ काढायचा नवा नांगर: "नाही." वाचनालयाचं छप्पर: "नाही." पण आज त्या 'नाही'त जीव नव्हता. खिडकीतून त्याची निळी गाडी दिसत होती. मागं खोकी भरलेली.

जेवणानंतर दारांचा ठराव आला. टॅबिथा उभी राहिली.

"मी… या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे."

पुढच्या बाकावरचे हायरम आजोबा वळले. "अगं पोरी, हा तूच मांडलास ना?"

"हो आजोबा. आणि मीच विरोध करतेय."

हशा पिकला. ऑल्डनकाकांनी हातोडी आपटली.

"रीत मोडायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं, तुम्हाला ठाऊक आहे. पण हे मी रीत जपायला लिहिलं नव्हतं. रागानं लिहिलं होतं."

"कुणावर?" मागून एक बाई खोडसाळपणे म्हणाली.

"गावाला ठाऊक आहे कुणावर!" दुसरीनं उत्तर देऊन टाकलं.

टॅबिथाचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. "आपली माणसं इथं आली, कारण कुणीतरी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकून सांगत होतं, प्रार्थना कशी करायची, काय वाचायचं. म्हणून शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबायचं, ही आपली सगळ्यांत जुनी रीत. घंटेहूनही जुनी. मी तीच मोडायला निघाले होते. माझं दार पांढरं आहे, पांढरंच राहील. माझ्या आईचं होतं म्हणून मी ते रंगवते. उद्या कुणी दंडाची भीती घातली, तर… तर ते माझ्या आईचं दार राहणार नाही."

विणकामाच्या सुया थांबल्या होत्या. हायरम आजोबा खाकरले. "माझ्या आजोबांनी गोठा निळा रंगवला होता. कुणाच्या बापाला विचारलं नव्हतं." आणि ते बसले.

"ठरावाला अनुकूल?" ऑल्डनकाकांनी विचारलं. दोन-तीन पडलेले आवाज.

"विरोधात?"

"नाही!" सभागृहाच्या तावदानांनीही म्हटलं असेल. त्या गजरात ग्रेडीचा आवाज टॅबिथाला ओळखू आला नाही. तिनं मागं वळून पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, डोळे पाणावलेले, आणि 'नाही' म्हणायचं विसरला होता.

शेवटी किरकोळ पदं उरली. "डुक्करपाल," ऑल्डनकाका म्हणाले. "यंदा गावात लग्नच झालं नाही. पद रिकामं ठेवू या?"

टॅबिथा पुन्हा उभी राहिली. आपण हे खरंच करतोय, यावर तिचाच विश्वास बसेना. "मी ग्रेडी सोरेन्सनचं नाव सुचवते."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "टॅबिथा, या पदाला अट आहे. उमेदवार नवरा… झालेला असावा लागतो."

"मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे ना, काका? तोवर होईल. म्हणजे… त्याची हरकत नसेल तर."

बाकं करकरली. सगळं गाव मागं वळलं. ग्रेडीचे कान त्याच्या दारासारखे झाले होते.

"सभापती," तो घसा साफ करत म्हणाला, "या पदाला पगार?"

"दमडी नाही."

"अधिकार?"

"फक्त डुकरांवर."

"आणि गावात डुकरं…"

"एकही नाही."

"कुणाकडून काही न घेणारं, कुणावर जबरदस्ती न करणारं सरकारी पद," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, असं जगात नसतंच."

"वहीत नाव लिहून शपथ घ्यावी लागते हो," मर्सीबाईंनी पुढून सांगितलं.

हशा एकदम विरला. टॅबिथा आपल्या चिखलाळ बुटांकडे बघत राहिली. लाकडी फरशीवर पावलं वाजली, एकेक करत, तिच्या बाकाजवळून पुढे गेली. मर्सीबाईंच्या टेबलाशी थांबली.

"ही वही कुणाची?" त्यानं विचारलं.

"गावाची. बघ, हे टॅबिथाचे वडील. हे ऑल्डन. हे हायरमचं अक्षर, लाजलेलं."

"यांना कुणी लिहायला लावलं नव्हतं ना?"

"हायरमला त्याच्या बायकोनं."

ग्रेडी हसला. वळून टॅबिथाशी आला आणि दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "परवाना नाही… साक्ष. असंच म्हणाली होतीस ना तळ्यावर?"

"हो."

"मला तेव्हा ऐकू आलं नाही गं."

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मर्सीबाई, लग्नाची वही हीच का?"

"ती वेगळी."

"मग तिचीही धूळ झटकून ठेवा. तारीख हिला विचारा. मी कुणावर सक्ती करत नाही."

ऑल्डनकाकांनी नाक शिंकरलं. सर्दी असावी. "डुक्करपाल म्हणून ग्रेडी सोरेन्सन. अनुकूल असतील त्यांनी 'हो' म्हणावं."

पहिला 'हो' ग्रेडीचा होता. मार्लबरीच्या सभेतला त्याचा पहिलाच. मागोमाग गावाचा.

"विरोधात?"

सगळ्यांच्या माना सवयीनं मागच्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथं कुणीच नव्हतं.