बाळाचे हुंकार

लाँड्रीवाल्या काकूंना सगळी गल्ली काकूच म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. चाळिशीतच आजी झाल्यावर निदान त्या हाकेला काही आधार मिळाला. मुलगी सतरा वर्षांची. परीक्षेच्या आठवड्यातच बाळंत झाली. बाळाचा बाप मात्र वेळेवर परीक्षेला बसला, पहिल्या वर्गात पास झाला आणि पुढे शिकायला लांब निघून गेला. गिऱ्हाइकं शर्ट टाकायला येत आणि शर्टाबरोबर एकेक सल्लाही टाकून जात. सल्ले इस्त्री करून परत देता येत नाहीत, म्हणून काकू ते ठेवून घेत.

दुकान खाली, बिऱ्हाड वर. इस्त्रीच्या टेबलावर काकूंनी बेबी मॉनिटर आणून ठेवला होता. एक डबी वर पाळण्याशी, दुसरी खाली. बाळ रडलं की दुकानात ऐकू येई. पहिले काही आठवडे रडण्याशिवाय काही ऐकूच आलं नाही. काकू इस्त्री बाजूला ठेवून जिना चढत, तर मुलगी पाळण्याला पाठ करून बसलेली.

"अगं, पोर रडतंय ना?"

"हो. ऐकू येतंय."

एवढंच.

मग एका दुपारी डबीतून बोलणं आलं. "कोण आलं? कोण आलं माझ्याकडे?" आवाज मुलीचाच, पण वर्षभरात काकूंनी ऐकला नव्हता इतका मोकळा. त्यामागून गाणं आलं, मग एक लांबलचक गोष्ट आणि गोष्टीच्या मध्ये मध्ये बाळाचे हुंकार. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या नादात एका कोटाची बाही जळता जळता वाचली.

तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी दुकानातच विचारलं, "लेक गप्प गप्प असते का हो? या वयाच्या आयांना फार जपावं लागतं."

"गप्प? अहो, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू!" काकूंनी डबी त्यांच्या कानाशी धरली. "ऐका तुम्हीच."

नर्सबाईंनी ऐकलं, हसल्या आणि जिना न चढताच परत गेल्या.

जेवताना मुलगी तोंड उघडत नसे, ना बोलायला ना घास घ्यायला. दिवसभर बोलून दमत असेल, असं काकूंनी ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात काकू टांगलेल्या कपड्यांतून एक कोट शोधत होत्या. डबीत गोष्ट रंगात आली होती. कोट बाजूला सारला, तर मागे जमिनीवर मुलगी. गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. ओठ मिटलेले.

"तू इथे?"

"गोष्ट संपेपर्यंत बसू दे ना, आई."

"मग वर कोण आहे?"

"जिला जमतं, ती." मुलीने टांगलेल्या कपड्यांत तोंड लपवलं. "ती आहे, तर माझं काय काम? मी जाऊ का कुठेतरी?"

डबीतली गोष्ट थांबली. कुणी कान देऊन ऐकावं, तशी.

काकूंनी मुलीचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. दोघी वर गेल्या. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची तेवढी पाळण्याकडे वळवलेली होती. काकूंनी खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाची असते, तशी ऊब.

मॉनिटर त्यांनी अडगळीत टाकला. नर्सबाईंकडे स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दर आठवड्याला समोर बसून बोलणं झालं. दुकान अर्धा दिवस बंद राहू लागलं. सल्ले मात्र दुप्पट झाले. हळूहळू मुलगी जेवू लागली. केस विंचरू लागली.

एका सकाळी तिने आपणहून बाळाला उचललं. काकू दारातच थांबल्या.

"बाळा," मुलगी म्हणाली. आवाज घोगरा, न वापरलेला. "मी आई."

बाळ दचकलं. परक्याने घेतल्यासारखं किंचाळलं.

"नवीन आहे ना आवाज," काकू घाईघाईने म्हणाल्या. "होईल सवय. तू बोल."

मुलगी बोलत राहिली. रडत रडत, पण बोलत राहिली.

बाळ शांत झालं. तिच्या खांद्यावरून त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हसलं.

"हूं," बाळ म्हणालं. थोडं थांबलं, समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं.

मग पुन्हा, "हूं."