पाऊस पडला की येतो

काम अगदी साधं होतं. कडुलिंबाची एक डहाळी आणायची, फुलोऱ्यासकट. पाडवा दोन दिवसांवर आला होता आणि मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, फर्मान काढलं होतं.

"आणि या वेळी कडुलिंबच आण, उल्हास. मी ओळखते आता."

तिच्या या टोमण्याला कारण आहे. मागच्या पाडव्याला मी रस्त्याकडेच्या कोनोकार्पस नावाच्या शोभेच्या झाडाची पानं तोडून आणली आणि कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या पासष्ट माणसांना गूळ-जिऱ्याबरोबर वाटून खायला घातली. सगळ्यांनी तोंडं वाकडी करून "वा, काय कडू!" म्हटलं. एका काकांनी तर आपला गुडघा दुखायचा थांबल्याचं सांगितलं. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं, पण चांगली थाप पचवून टाकणं मला जमत नाही, मीच सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात माझा शब्द म्हणजे इथल्या वेधशाळेचा अंदाज. ऐकतात सगळे, धरत कोणी नाही.

वेधशाळेचं तरी काय चुकतं म्हणा! मार्च महिन्यातली इथली हवा एखाद्या लाडावलेल्या जावयासारखी असते. सकाळी धुकं, म्हणून स्वेटर घालावा. अकराला घामाच्या धारा. दोनला धूळ, तिला इथले लोक तोझ म्हणतात. संध्याकाळी कधी गारासुद्धा. मी त्या आठवड्यात गाडी तीनदा धुतली आणि तिन्ही वेळा तासाभरात आभाळातून चिखल पडला. चिखल म्हणजे चिखलच, धुळीतून गाळून आलेला पाऊस. चौथ्यांदा मी नाद सोडला.

रमजानचे दिवस, त्यामुळे ऑफिस दीडला सुटलं. मी रिग्गईला घरी न जाता थेट जहरा गाठलं, कारण उत्तरेकडच्या त्या गावात यूसुफभाईंचं किराणा दुकान आहे, बकाला. यूसुफभाई राजापूरकडचे, चाळीस वर्षं इथे. मंडळाचं तांदळाचं पीठ त्यांच्याकडूनच येतं. रोज्यामुळे ते दुपारचे जरा तिरसट असतात.

"कडुलिंब ना? हाय की," ते म्हणाले. "गावाच्या पुढं एक जुनी वाडी हाय. कोणी रहात नाय तिथं. झाड भिंतीच्या आत, पण फांदी बाहेर आलीय. बाहेरूनच तोडा नि निघा. हाक आली तर आत जाऊ नका. नि गेलातच, तर निघताना काय एक बोलू नका."

"कोणी राहत नाही, मग हाक कोण मारणार?"

"उल्हासराव, सगळ्या जगाला तुमी सांगता. एकदा ऐका की."

आता सांगा, माझ्यासारख्या माणसाने याचा काय अर्थ घ्यायचा? मागे मी यूसुफभाईंना सांगितलं होतं की फहाहीलच्या मासळीबाजारात एक पापलेट मालवणीत बोललं. ते मुद्दाम जाऊन आले होते. मी समजलो, म्हातारा उट्टं काढतोय.

मेधाने दिलेली कापडी पिशवी घेऊन मी वाडीवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. विटक्या भिंती, उघडं फाटक आणि खरंच कडुलिंब. पांढऱ्या फुलोऱ्याने लगडलेला, तो कडवट गोड वास रस्त्यापर्यंत येत होता. मी एक डहाळी तोडून पिशवीत घातली आणि मागे वळून पाहिलं, कारण एकाएकी माझी सावली नाहीशी झाली होती.

पश्चिमेकडून एक भिंत चालत येत होती. तांबडी, आभाळाएवढी, आवाज न करता. गाडीपर्यंत पोचायला मला वीस पावलं हवी होती. मिळाली सात. मग भरदुपारी काळोख झाला. नाकात भाजलेल्या मातीचा वास, दातांखाली कचकच, डोळ्यांत सुया. गाडी कुठे, फाटक कुठे, काही कळेना.

"आत या भाऊ… डोळे जातील."

बाईचा आवाज होता. मराठीत. मला, हसू नका, आनंदच झाला. परमुलखात मराठी ऐकलं की माणसाची अक्कल थोडी सैल होते. मी आवाजाच्या दिशेने चाचपडत गेलो, उंबरठा लागला, आत शिरलो.

आत गारवा होता. धूळ नव्हती, कणभरसुद्धा नव्हती. आल्याच्या चहाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. एका बाजूला जुना पडदा, त्याच्यामागे ती. माझ्या बाजूच्या खिडकीच्या कट्ट्यावर काचेचा पेला, वाफाळता.

"रोजा नाय ना तुमचा? मग घ्या. इथं कोण बघत नाय."

रमजानात बाहेर पाण्याचा घोटही घेता येत नाही, आणि माझ्या घशात अर्धं वाळवंट होतं. मी प्यालो. साखर अगदी बेताची, मला लागते तशी. मी न सांगता.

"बाई, तुम्ही इथे एकट्याच?"

"वाट बघते."

"कोणाची?"

बाहेर वारा भिंतीला अंग घासत होता. बऱ्याच वेळाने तो थांबला आणि खिडकीत पिवळट उजेड आला. मी उठलो, चपला सारख्या केल्या आणि जन्मभराच्या सवयीने म्हणालो, "बरं आहे, येतो."

"कधी?"

आता पाहा, मला पन्नास वर्षं झाली. हजारो घरांतून मी "येतो" म्हणून निघालोय. लोक "या" म्हणतात, "सावकाश जा" म्हणतात. आजवर एकाही माणसाने मला "कधी?" असं विचारलं नव्हतं. मला हसूच आलं. आणि माझी जीभ कुठल्याही प्रश्नाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. कुवेतमध्ये काय सांगितलं म्हणजे "कधीच नाही" असा अर्थ होतो? त्या आठवड्यातला चिखलाचा पाऊस तेव्हा डोक्यातच आला नाही. मी म्हणालो,

"पाऊस पडला की येतो!"

"बरं," पडद्यामागून आवाज आला. मग पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज. "तोवर आधण ठेवते."

अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की डहाळी आणि पिशवी दोन्ही तिथेच राहिली. परत फिरायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण मी फिरलो नाही, आणि का फिरलो नाही ते मला आजही सांगता येत नाही.

घरी मेधाने माझी हकीकत हात जोडून ऐकली. "धुळीचं वादळ, पडद्यामागची बाई, आल्याचा चहा. पिशवीसुद्धा हरवलीस ना? सरळ सांग की." आमची आर्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, लास्ट इयरची स्टोरी बेटर होती."

पहाटे पाऊस पडला.

सरायात म्हणतात इथे या सरींना. कुठून येतात, केव्हा जातात, त्यांचं त्यांना ठाऊक. पण मी काय तारखा बघून बोललो होतो का? काचेवर टपटप ऐकून मी उठून बसलो. मेधाने चहा दिला. पहिल्याच घोटाला दातांखाली कचकच. "चहात माती आहे," मी म्हणालो. तिने माझ्याच कपातून पिऊन पाहिलं. "काही नाहीये." पाणी प्यालो, वाळू. दूध, वाळू. बंद बाटली फोडून प्यालो, तर त्यातही ओली, जड वाळू, जिभेवर साचणारी. दहा वाजेपर्यंत ओठ फुटले. मी ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं, आयुष्यात पहिल्यांदा खरं, आणि साहेब फोनवर हसले.

यूसुफभाई हसले नाहीत. मी दुकानात शिरताच त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि पाठीमागचं दार लोटून घेतलं.

"येतो म्हणालात?"

मी मान हलवली.

"अरे भल्या माणसा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तिचं नाव झुलेखा. आमच्याच बाजूची. वाडीवरल्या लोकांचं जेवण करायची. नव्वद साली लढाई लागली, सगळे पळायला लागले, तवा तिचा नवरा पेट्रोल बघून येतो म्हणाला नि गेला. ती बसली. लोकांनी हाताला धरून ओढली, उठली नाय. म्हणे, येतो म्हणालाय."

"मग?"

"मग काय? बसलीच. हरीश म्हणून एक ट्रकवाला होता, असाच वादळात आत गेला नि येतो म्हणाला. नंतर गेला नाय. त्याला पाणी वाळूसारखं लागायचं. देशात गेला, तिथंपण तेच. विहिरीच्या काठावर बसून सुकला हो तो माणूस."

"यूसुफभाई, मी काय करू?"

"पाऊस हाय तवर जा. तोंड दाखवा. काय खाऊ नका, पिऊ नका, काय उचलू नका. नि निघताना जातो म्हणा. येतो नाय. जातो."

जातो! लहानपणी घरातून निघताना चुकून "जातो" म्हटलं की आई चपला काढायला लावून परत पाटावर बसवायची, पाणी पाजायची आणि "येतो" म्हणवून मगच सोडायची. तो शब्द आमच्याकडे फक्त न परतणाऱ्यांसाठी राखलेला. आणि जिवंत राहण्यासाठी मला तोच म्हणायचा होता. वैताग, दुसरं काय!

वाडीवर पोचलो. पाऊस तिरका, चिखलाचा, कॉलरमधून पाठीवर उतरत होता. दार सापडलं, पण उघडेना. खांदा लावला तेव्हा अर्धं सरकलं, कारण आत वाळू होती. कालची नव्हे. कमरेएवढी, कित्येक वर्षांची, थर बसून घट्ट झालेली. तिच्यावर ना पाऊल, ना ओरखडा. काल मी उभा होतो ती फरशी तिच्याखाली कुठेतरी होती. पडदा नव्हता. फक्त वाळूतून वर आलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर काचेचा पेला, वाफाळता. आणि पलीकडच्या भिंतीत खुंटीला माझी पिशवी. फुगलेली. वरून पांढरा फुलोरा डोकावत होता.

"आलात…"

आवाज वाळूच्या पातळीवरून आला. म्हणजे बसलेल्या माणसाचा येतो, तेवढ्या उंचीवरून.

"आलो," मी म्हणालो. घसा फाटत होता.

"सगळे म्हणतात. कोण येत नाय. तुमी आलात…" त्या आवाजात असा काही आनंद होता की मला लाजच वाटली. "बसा. चहा घ्या."

तहानेने जीव जात होता आणि पेला हाताच्या अंतरावर. मी हात मागे बांधले.

"बाई, मी… मी जातो."

पाऊस एकदम थांबला. इथला पाऊस थांबतोही असाच, बोलता बोलता.

"जाता?"

"हो."

"परत नाय?"

"नाही."

पेल्यावरची वाफ हळूहळू मोडली. मग ती शांतपणे, अगदी घरच्या माणसासारखी म्हणाली,

"बरं. मग मी येते."

आता, कोणी "येते" म्हटलं की आपल्या तोंडून काय निघतं? विचार न करता, शिंकेसारखं? तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी तो दातांखाली चिरडला. रक्त आलं. अजून तिथे खाच आहे, दाखवतो हवी तर. तोंड दाबून मी पळालो. खारट रक्ताची चव लागली आणि मला रडूच कोसळलं, कारण ती नुसत्या रक्ताची चव होती, वाळूची नव्हती. गाडीतली पाण्याची बाटली मी एका दमात संपवली.

ती निरोप घेत होती, असं मी स्वतःला रात्रभर समजावलं. येते म्हणजे निघते. सुटली बिचारी.

पाडव्याच्या सकाळी एक सर येऊन गेली आणि लख्ख ऊन पडलं. कडुलिंब नव्हताच. मी निमूटपणे खाली उतरलो आणि, दुसरा इलाज नव्हता, रस्त्याकडेच्या कोनोकार्पसची चार पानं तोडून खिशात घातली. वर आलो तर मेधा दारात, नथ घालून, हसतमुख.

"सरळ सांगायचंस ना, कोणाला तरी आणायला सांगितलंय म्हणून!"

तिच्या हातात पिशवी होती. कापडी. पांढऱ्या फुलोऱ्याने भरलेली, ओलसर. बाहेर काळ्या मार्करने मेधाचंच अक्षर, कारण मंडळात पिशव्या बदलतात म्हणून ती प्रत्येक वस्तूवर लिहून ठेवते: नाव, रिग्गई, इमारत, तिसरा मजला, फ्लॅट बारा.

"कोणी दिली?"

"एक बाई आल्या होत्या. भिजलेल्या, अगदी हळू बोलणाऱ्या, कोकणातल्या वाटल्या. चहाला थांबा म्हटलं, तर म्हणाल्या, भाऊ घरात असले की. येते म्हणाल्या."

"मग… तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? या म्हटलं."

"मेधा, ती कधी येते म्हणाली?"

"येते म्हटल्यावर कधी असं विचारतं का रे कोणी?" ती वैतागून म्हणाली आणि गुढी बांधायला गेली.

याला वर्ष होत आलं. इथे धुतलेली चादर दहा मिनिटांत पापडासारखी कडक होते. आमच्या दाराबाहेरचं पायपुसणं मात्र वाळत नाही. तीनदा बदललं. मेधा म्हणते, तू पाय नीट पुसत नाहीस.

घरातून निघताना मी आता काहीच बोलत नाही. येतो नाही, जातो तर नाहीच. मेधा यावरूनही भांडते. काल सकाळी आभाळ भरून आलं होतं. ती न्हाणीघरात, आर्या शाळेत. मी चपला घातल्या, मुकाट्याने दार ओढून घेतलं, कुलपाची खटकी पडली.

आणि माझ्या पायांशी, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, कोणीतरी अगदी आपुलकीने विचारलं,

"कधी?"